जुन्या वेधांच्या वह्या आणि पोथ्या डिजिटल करताना या चुका टाळा

१ सप्टेंबर १८५९. ग्रिनिचच्या घड्याळात सकाळचे ११ वाजून १८ मिनिटे झाली असताना रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यावरच्या डागांच्या समूहात प्रखर पांढरा प्रकाश दिसला. साधारण साडेसतरा तासांनी त्या उद्रेकाचे सौरवादळ पृथ्वीवर पोहोचले, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाचे वाचन बिघडू लागले आणि दुपार व्हायच्या आत ते सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय बल मोजण्याचे एकक) कोसळले. हे आकडे यंत्रासमोर बसलेल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिले. ते वार्षिक अहवालात छापले गेले आणि तिथेच राहिले. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने त्यांवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा ते जगासमोर आले. सौरवादळामुळे उपग्रहांना आणि वीजवाहिन्यांना किती धोका आहे याचा अंदाज बांधणारे लोक आज कुलाब्याच्या त्या आलेखाकडे वळतात.

अशी सामग्री आपल्याकडे अजून पुष्कळ आहे. पर्जन्यमापनाच्या वह्या, वायुभाराचे तक्ते, करणग्रंथांच्या (पंचांगाचे गणित सांगणाऱ्या ग्रंथांच्या) पोथ्या, ग्रहांच्या सारण्या, हस्तलिखित पंचांगे, पितळी यंत्रे. ती डिजिटल करायला निघालेल्यांची संख्या वाढते आहे आणि ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण या कामात कॅमेऱ्यामुळे फारसे बिघडत नाही. आकडा तेवढा उचलला आणि त्याच्या भोवतालचे सगळे मागे टाकले, की बिघडते.

तक्ता उतरवला, मथळा सोडला

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होते. तक्त्याच्या वरची ओळ, तळटीप, अहवालाची प्रस्तावना हे सारे ‘मजकूर’ म्हणून बाजूला पडते आणि रकान्यांतले आकडे तेवढे ‘डेटा’ ठरतात.

कुलाब्याचेच उदाहरण घ्या. त्या काळी ब्रिटिश वेधशाळा चुंबकीय बल फूट, ग्रेन आणि सेकंद यांवर बेतलेल्या एककात देत. त्यातला १ म्हणजे सुमारे ४,६११ नॅनोटेस्ला. मुंबईचे क्षैतिज (जमिनीला समांतर) बल या मापात ८ च्या आसपास येते. एककाची ओळ हरवली तर तो ८ काय सांगतो हे कुणालाच कळणार नाही. एकक हाती असेल तर पडताळा सोपा आहे: रूपांतर केल्यावर उत्तर ३७ हजार नॅनोटेस्लाच्या जवळपास यायला हवे. तसे आले नाही तर एकक चुकले आहे किंवा रकाना चुकला आहे. काही रकान्यांत तर बल नसतेच, यंत्राच्या पट्टीवरचे नुसते भाग असतात आणि एका भागाची किंमत प्रस्तावनेत दिलेली असते.

वेळेचे प्रकरण याहून नाजूक. एकोणिसाव्या शतकातल्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यात जर्मनीतल्या गॉटिंगेनची वेळ प्रमाण धरण्याची पद्धत होती. मुंबईची स्थानिक वेळ गॉटिंगेनच्या सुमारे ४ तास ११ मिनिटे पुढे आणि ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. त्यात खगोलीय दिवस माध्यान्हीला सुरू व्हायचा, मध्यरात्री नव्हे, आणि ही पद्धत १९२५ सुरू होईपर्यंत टिकली. म्हणजे खगोलीय ‘१ सप्टेंबर, २० तास’ हे आपल्या व्यवहारातले २ सप्टेंबरचे सकाळचे ८. मथळ्यात कोणती वेळ सांगितली आहे हे उतरवले नाही, तर सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा साडेसतरा तासांचा प्रवास तेरा तासांवर येईल किंवा बावीसच्या जवळ जाईल. वादळाचा वेगच चुकेल. वेधकर्त्याने केलेले सगळे श्रम वाया जातील, आणि तेही त्याने वेळ नीट लिहून ठेवलेली असताना!

१९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक दशके चालू होती. दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. म्हणून १९०६ नंतरच्या वह्यांतही वेळ गृहीत धरू नका.

उपाय एकच. प्रत्येक तक्त्यासाठी वेगळी नोंद ठेवा: मथळा शब्दशः, एकक जसे छापले तसे, वेळेची पद्धत, यंत्राचे नाव, वेधशाळेची जागा, आणि जागा बदलली असेल तर केव्हा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध १९०४ साली अलिबागला सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. ही जोडनोंद नसती तर कुलाबा आणि अलिबाग या दोन मालिका एकमेकींना बांधताच आल्या नसत्या. अशा जोडनोंदीला ‘दुबार माहिती’ समजून गाळणे हा मोठा अपराध आहे.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास

सारणीत ग्रहाचे स्थान राशी, अंश, कला, विकला असे चार घरांत लिहिलेले असते. ते कुणी ११:२०:३० असे टंकले की एक्सेल त्याला घड्याळातली वेळ समजते. ५-१२ लिहिले तर तारीख करून टाकते. पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि आतला आकडा बदललेला असतो. राशीला एक रकाना, अंशाला एक, कलेला एक, विकलेला एक असेच ठेवा आणि टंकण्याआधी सगळे रकाने ‘मजकूर’ या प्रकारात टाका.

तारखांचेही तेच. एक्सेलची दिनगणना १९०० पासून सुरू होते, त्यामुळे १८५९ ची तारीख त्याला तारीख वाटतच नाही. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा, भांडण मिटते.

बेरीज अपेक्षेपेक्षा कमी येत असेल, किंवा उतरत्या-चढत्या क्रमाने लावताना ओळी विचित्र लागत असतील, तर बहुधा काही आकडे देवनागरीत आणि काही इंग्रजी अंकांत टंकले गेले आहेत. पोथीतले अंक देवनागरी असतील तर मूळ रकान्यात तसेच राहू द्या. गणितासाठी शेजारी दुसरा रकाना करा. आणि सीएसव्ही उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी अगम्य खुणा दिसल्या तर घाबरून पुन्हा टंकायला बसू नका. फाइल शाबूत असते. ती उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरसंहिता निवडा.

रिकाम्या चौकोनाकडे विशेष लक्ष द्या. पावसाच्या वहीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रेघ म्हणजे कदाचित मोजला नाही, आणि कोरी जागा म्हणजे दोन्हींपैकी काहीही. रविवारची जागा कोरी असून सोमवारचा आकडा मोठा असेल तर तो दोन दिवसांचा एकत्र पाऊस असू शकतो. सगळ्या कोऱ्या जागा शून्याने भरल्या तर अवर्षणाचा खोटा इतिहास तयार होतो. ‘कित्ता’ किंवा दोन टिंबांची खूण असेल तर वरचा आकडा लिहा, पण तिथे मुळात खूण होती हेही नोंदवा. जुने इंग्रजी पर्जन्यतक्ते बऱ्याचदा इंच आणि सेंट यांत असतात. १०० सेंटचा एक इंच. इंचाच्या आणि सेंटच्या आकड्यांतली फट टंकताना हरवली की सव्वा इंचाचे १२५ इंच होतात.

‘उघड चूक’ दुरुस्त करण्याचा मोह

ओळीत ८३, ८४, ३५, ८४ असे तापमान दिसले की हात शिवशिवतो. तो ३५ नक्कीच ८५ असणार! असेलही. पण छापणाऱ्याची चूक, वेधकर्त्याची चूक आणि खरोखरची असाधारण घटना यांतला फरक टंकणाऱ्याने ठरवायचा नाही. १८५९ ची घसरण कुणी ‘अशक्य’ म्हणून सरळ केली असती तर?

म्हणून तीन थर कायम वेगळे ठेवा. पहिला पानाचे चित्र. दुसरा शब्दशः उतारा, चुकांसकट. तिसरा दुरुस्त आणि रूपांतरित आकडे, प्रत्येक दुरुस्तीच्या कारणासह. तिसऱ्या थरात मतभेद होऊ शकतात आणि व्हावेत. दुसरा थर मात्र कुणीही पानाशी ताडून पाहिला तर जुळलाच पाहिजे.

अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीवर तक्ते सोपवताना दुप्पट सावध राहा. वाक्यात एक अक्षर चुकले तर वाचणाऱ्याला कळते. आकड्यात ३ चा ८ झाला तर कुणालाच कळत नाही. जुन्या देवनागरी टाइपात ५, ८ आणि ९ यांची वळणे आजच्यापेक्षा वेगळी सापडतात, तिथे यंत्र हमखास अडखळते. छापील तक्त्यांच्या तळाशी महिन्याची सरासरी किंवा बेरीज दिलेली असते. ती आधी टंका आणि तिच्याशी रकाना ताडून बघा. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत हजारो स्वयंसेवकांनी पावसाचे जुने तक्ते उतरवले, तेव्हा एकच आकडा अनेकांकडून टंकून घेतला होता. आपल्याकडे निदान दोघांनी एकमेकांचे न पाहता टंकावे आणि जिथे जुळत नाही तिथे तिसऱ्याने पान उघडावे.

पोथीतला शक आणि पोथीचा शक

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ‘ग्रहलाघव’ रचले, त्याचे गणित शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० पासून सुरू होते. हा ग्रंथ पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके वापरला आणि त्याच्या असंख्य नकला झाल्या. आता यादी करणारा माणूस पोथी उघडतो, आरंभवर्ष शके १४४२ पाहतो आणि पोथीचा काळ १५२० असा भरतो. दोनशे-तीनशे वर्षांनंतरची नकल क्षणात ग्रंथकाराच्या काळात जाऊन बसते. नकलेचा काळ शोधायचा तो शेवटच्या पुष्पिकेत, म्हणजे नकल करणाऱ्याने अखेरीस लिहिलेल्या नोंदीत. तो तिथे नसेल तर रकाना कोरा ठेवा. करणग्रंथाचे आरंभवर्ष, रचनेचे वर्ष आणि नकलेचे वर्ष यांना तीन वेगळे रकाने हवेत.

शिवाय १४४२ हा आकडा पोथीत अंकांत शोधाल तर सापडणार नाही. तिथे आहे ‘द्व्यब्धीन्द्र’. द्वि म्हणजे २, अब्धि ४, इंद्र १४, आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे: १४४२. उताऱ्यात मूळ शब्द ठेवा, अंक शेजारी द्या. शब्दाच्या जागी अंक टाकला तर पाठभेद तपासायची वाटच बंद होते.

शकाचे इसवी सन करताना सरसकट ७८ मिळवणे ही तर रोजची चूक. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. वर्ष गत (पूर्ण झालेले) आहे की वर्तमान (चालू) हा प्रश्न वेगळाच. पुष्पिकेत संवत्सराचे नाव असेल तर मोठी मदत होते. आपल्याकडच्या पद्धतीत गत शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी येईल तो संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या. १,६०८ ला ६० ने भागून बाकी ४८ उरते, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. जुळले. एकाचाच फरक आला तर लेखकाने वर्तमान वर्ष दिले असण्याची शक्यता पाहा.

पानांची नावे देतानाही सांभाळा. पोथीच्या पत्राला दोन बाजू असतात आणि पत्रांक साधारणपणे पाठच्या बाजूवर असतो. त्यामुळे फाइलींना १, २, ३ असे क्रमांक दिले की पत्रांकाशी मेळ बसत नाही. पत्रांक आणि बाजू, १२अ, १२ब, असे लिहा. पत्र गहाळ असेल तर त्याचा क्रमांक रिकामा सोडा. समासातल्या टिपा चौकटीबाहेर कापू नका. एखाद्या ज्योतिषाने ग्रहणाचा प्रत्यक्ष वेध आणि गणित यांतला फरक टिपला असेल तर तो तिथेच असतो.

वस्तू

पितळी यंत्रराज (ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे चकतीसारखे यंत्र, अॅस्ट्रोलेब) किंवा जुनी सूक्ष्मदर्शी हाती आली तर पहिला नियम: चिंचेने, लिंबाने किंवा कसल्याही पॉलिशने घासू नका. फोटो छान येतो, पण बारीक कोरलेल्या अंशांच्या रेघा झिजतात आणि जुना थर कायमचा जातो. चकाकी त्रास देत असेल तर प्रकाश बदला. पांढऱ्या कापडाआडून पसरलेला प्रकाश एवढ्याने बरेच निभावते. कोरीव अक्षरे वाचायची असतील तर प्रकाश एका बाजूने अगदी आडवा टाका.

यंत्रराजाच्या आत वेगवेगळ्या अक्षांशांचे पत्रे एकावर एक असतात. वरचा दर्शनी फोटो काढून काम संपले असे मानणारे बहुतेक माहिती आतच ठेवून जातात. पत्रे उघडायचे ते मात्र जतनतज्ज्ञ समोर असतानाच. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. त्रिमितीय प्रतिमा एसटीएल स्वरूपात देणार असाल तर लक्षात घ्या, त्या फाइलीत एकक नसतेच. मिलिमीटर की इंच हे वर्णनात लिहिले नाही तर यंत्राचा आकार कुणालाही सांगता येणार नाही.

‘मुक्त’ म्हणायचे आणि कुलूप लावायचे

संकेतस्थळावर पाने दिसतात, उतरवून घेता येत नाहीत, वर संस्थेचे नाव आडवे छापलेले. याला मुक्त संशोधन-डेटा म्हणता येत नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून, ६० वर्षांनी पुस्तकाचे स्वामित्वहक्क संपतात. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८९८ साली गेले. त्यांच्या ग्रंथाच्या स्कॅनवर नवा हक्क सांगणे मला पटत नाही. आकड्यांना सीसी-शून्य हा सगळे हक्क सोडून देणारा परवाना द्या, वर्णनांना हवे तर श्रेय देण्याची अट असलेला परवाना द्या. ‘फक्त अव्यावसायिक वापर’ ही अट निरुपद्रवी वाटते, पण तिच्यामुळे विकिस्रोत आणि विकिमीडिया कॉमन्सला ती सामग्री घेता येत नाही. खाजगी संग्रहातली पोथी असेल तर घरच्यांची लेखी संमती चित्रे काढण्याआधी घ्या आणि त्यात परवान्याचे नाव लिहा.

संच गूगल ड्राइव्हच्या दुव्यावर ठेवून निबंध छापू नका. युरोपातली सर्न ही संशोधनसंस्था चालवते ते झेनोडो किंवा तसे एखादे भांडार निवडा, तिथे डीओआय, म्हणजे संचाचा कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि दुरुस्तीनंतरची आवृत्ती वेगळी राहते.

प्रकाशित करण्याआधी प्रकल्पाबाहेरच्या एका माणसाला संच द्या. त्याला कुठलीही एक ओळ निवडायला सांगा आणि तुमची मदत न घेता तो आकडा मूळ पानावर बोट ठेवून दाखवायला सांगा. तो जिथे अडेल तिथे तुमच्या वर्णनात एक ओळ कमी आहे. ती लिहा आणि मग संच खुला करा.