जेन्सन वळणाची रोमन अक्षरं वापरताना या चुका टाळा

मुद्रक निकोला जेन्सनने १४७० मध्ये व्हेनिसला जे रोमन टाइप वापरले, त्यांच्या वळणावर बेतलेले दोन सुरेख फॉन्ट म्हणजे ब्रूस रॉजर्सचा सेंटॉर आणि रॉबर्ट स्लिमबाकचा अडोबी जेन्सन. स्मॉल 'ई'ची आडवी रेघ तिरपी चढलेली, 'ओ'चा जाडपणा कललेला, जाड-बारीक रेघांत माफक फरक: रुंद टोकाच्या लेखणीची ही ओळख दोन्हींत शाबूत आहे. ललित पुस्तकांना हे वळण फार शोभतं.

तरी छापून आल्यावर पान फिकं दिसतं, विशेषतः सेंटॉरमध्ये. खिळ्यांच्या छपाईत दाबामुळे शाई कडेने किंचित पसरते आणि बारीक रेघ भरून येते. आजच्या ऑफसेट छपाईत तो दाब नाही, त्यामुळे संगणकावरची बारीक रेघ बारीकच उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती आणखी कोरडी वाटते. उपाय म्हणून ७० ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) बिनचकाकीचा, किंचित पिवळसर नॅचरल शेड कागद घ्या आणि मजकूर शंभर टक्के काळ्यात ठेवा. करड्या रंगात जाळीचे ठिपके पडून रेघा तुटतात, तर गडद पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांत आजूबाजूची शाई शिरते. आर्ट पेपर टाळता येत नसेल तर अडोबी जेन्सन निवडा.

पॉइंटचा आकडा बघून साइज ठरवू नका. यातली स्मॉल अक्षरं बुटकी असतात. टाइम्स न्यू रोमन फॉन्टच्या सवयीने १० पॉइंट दिलात तर वाचकाचे डोळे ताणतील. एकच परिच्छेद ११, १२ आणि १३ पॉइंटांत, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर काढून बघा. बहुधा १२ वर थांबाल. ओळींमध्ये मुळातच पांढरी जागा दिसते, म्हणून निव्वळ इंग्रजी मजकुराला १४.५ ते १५ पॉइंट लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) पुरतं.

मराठी पुस्तकात मात्र गणित बदलतं. लीडिंग देवनागरीच्या वरच्या-खालच्या मात्रांवरून ठरवावं लागतं आणि त्याच पॉइंटातला रोमन शब्द शेजारी आक्रसलेला दिसतो. त्याला सुमारे १० ते १५ टक्के मोठं करा. हे हाताने शब्दागणिक करू नका, काही शब्द सुटतातच. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर स्टाइल बनवून ती ग्रेप स्टाइलने लावा; ती रोमन अक्षरं आपोआप शोधून त्यांना ही स्टाइल देते. बोरूच्या उलट्या कापामुळे देवनागरीचा जाडपणा रोमनच्या विरुद्ध बाजूला कलतो, तेव्हा वळणं जुळवायच्या मागे न लागता दोन्ही लिप्यांचा काळेपणा डोळे किलकिले करून जुळवा.

वर्डमध्ये फॉन्टची इटॅलिक फाइल बसवलेली नसताना 'आय' दाबलं, तर सरळ अक्षरंच ढकलून तिरकी केली जातात. जेन्सनच्या काळी इटॅलिक टाइप नव्हतेच; या फॉन्टांची खरी इटॅलिक नंतरच्या आरिगी या इटालियन सुलेखनकाराच्या हस्ताक्षरावरून घेतली आहेत आणि त्यांचे आकार वेगळेच आहेत. ती फाइल आधी बसवा.

अडोबी जेन्सनमध्ये तळटिपांसाठी कॅप्शन आणि मोठ्या मथळ्यांसाठी डिस्प्ले असे स्वतंत्र कट, म्हणजे त्या-त्या साइजसाठी आखलेली रूपं, आहेत. डिस्प्ले कट मजकुराला लावलात तर पान पुन्हा फिकं पडेल.