आत्याचा वाकडा चमचा

अर्धांगवायूनंतर आत्याचा उजवा हात अशक्त झाला. मी चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. दोन घासांत तिने चमचा ठेवून दिला. मग आणखी जाड मूठ केली, तीही पडून राहिली. खरं तर तिला विचारायलाच हवं होतं.

विचारल्यावर म्हणाली, "अरे, धरता येतं. मनगट फिरत नाही, म्हणून वरण तोंडापाशी सांडतं."

मग ॲल्युमिनियमचा चमचा घेतला. तिच्यासमोर बसून पकडीने त्याची मान डावीकडे, तोंडाच्या बाजूला वाकवत गेलो. "अजून... अजून थोडी... बस!" साधारण 45 अंश झाले. ताटाखाली ओलं फडकं घालायचं तिनेच सुचवलं. ताट सरकेनासं झालं.

काल तिने आमटीभात स्वतः खाल्ला. आता लाटण्याची मापं घेतोय.