डीटीएचच्या एचडी रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग लावताय? मग या चुका टाळा

३० मे २०२३ ची सकाळ. दुकानाचं शटर अर्धं वर केलं नव्हतं तोवर चार फोन येऊन गेले. आयपीएलची फायनल २८ ला होती, पावसानं धुतली, म्हणून राखीव दिवशी २९ ला खेळवली, त्यातही चेन्नईची बॅटिंग तीन बॉल होते न होते तोच परत पाऊस, मग रात्री बारा वाजून गेल्यावर १५ ओव्हरमध्ये १७१ चं टार्गेट देऊन मॅच सुरू झाली आणि दीड वाजून गेल्यावर जडेजानं शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून संपवली. माझ्या चारही गिऱ्हाइकांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दोन बॉल नव्हते. एकानं तर २८ तारखेचंच रेकॉर्डिंग लावलेलं, त्याच्या बॉक्समध्ये कित्येक तास नुसती झाकलेली खेळपट्टी आणि छत्र्या. "बॉक्स खराब आहे की वो, मॅच अर्धीच घेतलाय," असं चौघंही म्हणत होते.

बॉक्स खराब नव्हता. बॉक्सला मॅच कळत नाही, त्याला फक्त गाईड, म्हणजे पडद्यावर दिसणारं चॅनेलचं वेळापत्रक, कळतं. तुम्ही गाईडमध्ये कार्यक्रमावर जाऊन रेकॉर्डचं बटण दाबता तेव्हा चॅनेल, सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ एवढंच तो लक्षात ठेवतो. चॅनेलवाल्यांनी वेळेत गाईड बदललं तर ठीक, नाहीतर गाईडमध्ये जी वेळ लिहिलीय ती झाली की रेकॉर्डिंग बंद, मग मैदानात शेवटची ओव्हर चालू असू दे नाहीतर सुपर ओव्हर. माझी सवय सांगतो, मॅच लावली की त्याच चॅनेलवर मॅचनंतरचे दोन कार्यक्रमही लावून टाकतो. हायलाइट्स असू दे, गप्पांचा कार्यक्रम असू दे, काय फरक पडतो, नंतर डिलीट मारायचं. बऱ्याच बॉक्समध्ये रेकॉर्डिंग पाच-दहा मिनिटं उशिरा संपवायची सेटिंग असते, पण दहा मिनिटांनी क्रिकेटचं भागत नाही, शिवाय ती सेटिंग सगळ्या रेकॉर्डिंगला लागली की लागोपाठच्या दोन मालिका एकमेकांवर चढतात आणि बॉक्स एका वेळी दोनच घेतो म्हणून तिसरं रेकॉर्डिंग नाकारलं जातं. आणि मॅच पुढच्या दिवशी गेली तर रेकॉर्डिंग परत हातानं लावावं लागतं, ते आपोआप तारीख बदलेल म्हणून बसू नका.

दुसरी चूक अगदी घराघरात आहे. रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायचं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना ती सवयच असते, गॅसचा नॉब बंद केला का आणि टीव्हीचं बटण बंद केलं का. साध्या बॉक्सला ते चालतं. रेकॉर्डरला नाही चालत, कारण रिमोटनं बंद केलेला रेकॉर्डर झोपलेला असतो पण घड्याळ बघत असतो, आणि बोर्डावरून बंद केलेला रेकॉर्डर म्हणजे नुसता डबा, पहाटेची आषाढीची महापूजा तो कुठून घेणार. वरून चालू रेकॉर्डिंगमध्ये खाडकन लाईट घालवली की हार्ड डिस्कवर लिहिणं अर्ध्यात तुटतं, असं रोज झालं की एक दिवस रेकॉर्डिंगची यादीच रिकामी दिसते. लाईटबिलाची काळजी असेल तर हिशोब करा, बॉक्सला २० वॅट धरले तरी दिवसभराचा अर्धा युनिटसुद्धा होत नाही. लाईट येण्याजाण्याचा त्रास असलेल्या भागात मी बॉक्स इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतो. टीव्ही नसला तरी चालतो, रेकॉर्डिंगला टीव्ही लागत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. स्प्लिटर.

२००८ पासून, म्हणजे टाटा स्काय प्लस नवीन आलं तेव्हापासून मी हे रेकॉर्डर बसवतोय आणि आजही महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी गच्चीवर मला तो दोन-तोंडी तुकडा काळी टेप गुंडाळलेला सापडतो. दोन ट्यूनरच्या, म्हणजे एका वेळी दोन चॅनेल पकडणाऱ्या, बॉक्सला मागे दोन केबल लागतात, आणि त्या दोन्ही केबल वर एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, दोन वेगवेगळ्या तोंडांतून यायला पाहिजेत. ट्विन एलएनबी म्हणतात त्याला. पण कंटाळा. छतावरून अजून एक केबल ओढायची, भिंतीला क्लिपा मारायच्या, भोक मोठं करायचं, त्यापेक्षा खाली आलेल्या एकाच केबलला स्प्लिटर लावला की दोन तोंडं तयार, चित्र येतंय, पैसे द्या, निघालो.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एक कुटुंब आहे, घरात मूळची तेलुगू, पण सूनबाई पंढरपूरकडची. मालक यंत्रमागावर रात्रपाळी करायचे, त्यामुळं त्यांची तेलुगू मालिका रेकॉर्ड व्हायची आणि त्याच वेळेला सूनबाई मराठी मालिका बघायच्या. म्हणजे बघायचा प्रयत्न करायच्या. तेलुगूचं रेकॉर्डिंग सुरू झालं की मराठी चॅनेलवर "सिग्नल नाही". रेकॉर्डिंग संपलं की परत सगळं छान. सात महिने हे चाललं. दोन वेळा बॉक्स बदलून झाला, एकदा छत्री हलवली, कार्ड पुसून झालं, शेवटी घरात ठरलं की दोन भाषा एका बॉक्सला चालत नाहीत. मी गेलो तेव्हा आजी मला म्हणाल्या, "तिची मालिका बंद पडती म्हणून आम्ही आमचं रेकॉर्डिंगच लावणं सोडलंय बघा." मला फार वाईट वाटलं ते ऐकून. एका पाचपन्नास रुपयांच्या तुकड्यामुळं घरात कुणीतरी कुणासाठी मन मारत होतं.

वर गेलो, कठड्यामागे स्प्लिटर. कारण समजून घ्या म्हणजे तुम्हाला कुणी फसवणार नाही. एलएनबीला कुठल्या बाजूचे चॅनेल खाली पाठवायचे हे बॉक्स व्होल्टेजनं सांगतो. केबलमधून १३ व्होल्ट दिले तर एका पोलरायझेशनचे, म्हणजे उभ्या किंवा आडव्या लहरींपैकी एकीचे, चॅनेल येतात, १८ दिले तर दुसऱ्या. एका केबलमधून एका वेळी एकच निरोप जातो. तेलुगू चॅनेल १८ वर होतं, मराठी १३ वर. स्प्लिटर लावल्यावर दोन्ही ट्यूनर एकाच तारेवर ओढाताण करतात आणि त्यात १८ व्होल्टवाला जिंकतो, १३ वाला उपाशी. बॉक्स बदलून, छत्री हलवून ते कसं सुटणार होतं.

ट्विन एलएनबी टाकला, दुसरी आरजी-६ केबल ओढली, दीड तासाचं काम. तपासायची माझी पद्धत सोपी आहे, सिग्नलच्या स्क्रीनवर दोन्ही ट्यूनरचे आकडे बघायचे, मग एका चॅनेलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तसंच ठेवून बाकीचे वीस-पंचवीस चॅनेल फिरवायचे, मग रेकॉर्डिंगचं चॅनेल बदलून परत फिरवायचे. काही चॅनेल ठराविक रेकॉर्डिंग चालू असतानाच जात असतील तर आधी वर जाऊन बघा. केबलच्या दोन्ही टोकांना मी स्केचपेननं १ आणि २ लिहितो, पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचतो. बसवायला आलेला माणूस "एका केबलवर चालतं सर" म्हणाला तर त्याला थांबवा, चहा पाजा, पण दुसरी केबल ओढून घ्या. काही नवीन एलएनबी एका केबलवर जास्त ट्यूनर चालवतात, हे खरं, पण ते एलएनबी आणि बॉक्स दोन्ही त्यासाठीच बनवलेले लागतात, बाजारातला स्प्लिटर म्हणजे ते नव्हे.

याला लागूनच एक तक्रार, "दोन रेकॉर्डिंग चालू आहेत तर तिसरं चॅनेल लागत नाही." दोन ट्यूनर म्हणजे दोन चॅनेल. त्या दोन्हींपैकी एक बघा किंवा आधीचं रेकॉर्डिंग बघा, तो दोष नाही, तेवढंच ते यंत्र आहे.

एचडी बॉक्स घेतला म्हणून सगळं एचडी होत नाही. साधं चॅनेल रेकॉर्ड केलं तर साधंच मिळणार, बॉक्स आहे तसा प्रवाह डिस्कवर उतरवून घेतो, सुधारत नाही. आणि पिवळी-लाल-पांढरी वायर लावून एचडी दिसत नाही म्हणून मला फोन करू नका, एचडीएमआय लावा, सेटिंगमध्ये जाऊन १०८०आय करा.

जागेचं गणित लोक करतच नाहीत. एचडी चॅनेल ८ एमबीपीएसनं येतंय असं धरलं तर एका तासाला ३.६ जीबी जातात. अर्ध्या तासाच्या चार मालिका आठवड्यातून सहा दिवस, झाले १२ तास, म्हणजे आठवड्याला ४३ जीबी. ५०० जीबीची डिस्क अडीच महिन्यांत भरली, आणि त्यातला काही भाग तर लाईव्ह थांबवून ठेवण्यासाठी बॉक्सनं आधीच बाजूला काढलेला असतो. भरल्यावर बरेच बॉक्स सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आपोआप उडवतात. ठेवायचं असेल त्याला लॉक लावा. बघून झालेलं तिथल्या तिथं डिलीट करा.

लाईव्ह थांबवलं आणि मध्येच चॅनेल बदललं तर थांबवलेलं गेलं, परत मिळत नाही. रिचार्ज रात्री बाराला संपणार असेल तर साडेबाराचं रेकॉर्डिंग काळं येणार. एखादं चॅनेल पॅकमधून काढलं तर त्याची मालिका लावलेली असली तरी उपयोग नाही. पावसात, विशेषतः आपल्याकडच्या सप्टेंबरच्या धो धो पावसात, केयू बँडचा, म्हणजे छत्रीवर येणारा, सिग्नल तुटतो आणि रेकॉर्डिंगही तुटकंच येतं, त्यावर इलाज नाही, पण साध्या पावसाच्या सरीनंही जात असेल तर केबलच्या जोडात पाणी शिरलंय किंवा समोरचा कडुनिंब वाढलाय.

बॉक्सवर टॉवेल टाकू नका. सोलापुरात टॉवेलची कमी नाही म्हणून प्रत्येक वस्तूवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर गणपती, त्यावर फुलं. मे महिन्यात बाहेर ४२-४३, शोकेसच्या बंद काचेत अजून जास्त, आणि हार्ड डिस्कच्या कागदावर मर्यादा बहुतेक ६० अंशांची असते. दोन वर्षांपूर्वी एक बॉक्स उघडला तर वरच्या जाळीच्या भोकांत टॉवेलचे धागे आणि धूळ मिळून अक्षरशः नमदा तयार झालेला. डिस्क कट्-कट् आवाज करत होती, गेलेली. चारही बाजूंनी चार बोटं मोकळी जागा ठेवा.

ज्या बॉक्सला बाहेरून यूएसबी डिस्क लावतात त्यांच्यासाठी, पहिल्यांदा लावली की बॉक्स फॉरमॅट करू का विचारतो, आणि घाईत लोक ओके दाबतात. एका मुलानं बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क अशी साफ केली. रेकॉर्डिंगची डिस्क वेगळीच ठेवा, रिकामी, वर चिठ्ठी चिकटवून. पेनड्राईव्ह नको, सतत लिहिण्याचा वेग त्याला झेपत नाही. फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर डिस्कचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाईल तुटते, तो दोष समजू नका.

शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, ऐको न ऐको. त्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग त्या बॉक्सचंच असतं. ते कुलूपबंद उतरतं, किल्ली त्या बॉक्सकडं आणि कार्डाकडं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही, दुसऱ्या बॉक्सला लावली तरी नाही, आणि खातं बंद पडलं तर बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंगही लागत नाही. म्हणून बॉक्स बदलला की सगळं गेलं.

जुळे सोलापुरातल्या एका काकूंचे यजमान दरवर्षी वारीला जायचे. एका वर्षी वाखरीच्या रिंगणाचं थेट प्रक्षेपण चालू होतं आणि त्यात दोन-तीन मिनिटं काका दिसले, माईक समोर धरलेला, हसत बोलत होते. काकूंनी ते जपून ठेवलेलं. काका गेल्यानंतर दर एकादशीला त्या ते लावायच्या. मग बॉक्सचं पॉवरचं काहीतरी बिघडलं, तक्रार केली, एक मुलगा आला, नवीन बॉक्स लावून जुना घेऊन दहा मिनिटांत गेला. कुणी विचारलंच नाही. मी आठवडाभर त्या जुन्या बॉक्सच्या मागे लागलो, फोन केले, जाऊन आलो, तोपर्यंत तो पुढं पाठवलेला आणि पुसलेला.

तेव्हापासून कुणाचाही बॉक्स उचलण्याआधी मी रेकॉर्डिंगची यादी उघडतो आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला समोर बसवून एकेक नाव वाचून विचारतो. ठेवण्यासारखं निघालं तर खोलीत अंधार करायचा, टीव्हीसमोर स्टुलावर मोबाईल आडवा टेकवायचा, पंखा बंद करायचा म्हणजे आवाज नीट येतो, आणि टीव्हीवर लावून मोबाईलमध्ये शूट करून घ्यायचं. बॉक्स चालूच होत नसेल तर आधी नुसता अडॅप्टर बदलून बघतो, कितीतरी वेळा तेवढ्यानं तो एक तासभर तरी जागा होतो. गेल्या महिन्यात विजापूर रोडला एका आजोबांकडं असंच चाळीस मिनिटं बसलो, पुढच्या गिऱ्हाइकाचे तीन फोन आले, त्यांना सांगितलं उशीर होईल, आणि शूटिंग पूर्ण झाल्यावर ते आजोबांच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवून, एकदा चालवून बघून, मगच मागची केबल सोडवली.