युद्धाचा व्हिडिओ आला की आधी काय करायचं

युद्ध सुरू झालं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त कचरा येतो, कारण खरी माहिती धड कुणाकडेच नसते आणि आपल्याला मात्र दर पाच मिनिटाला काहीतरी नवीन हवं असतं. त्यामुळे व्हिडिओ आला की पॉज करा आणि दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या. धूर किंवा आगीचा घेऊ नका, सगळे स्फोट सारखेच दिसतात. दुकानाची पाटी, इमारत, डोंगर असं काहीतरी दिसेल तिथे थांबवा. मग तो स्क्रीनशॉट गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय यांत टाकून बघा, तोच फोटो आधी नेटवर कुठे आलाय का ते यात शोधता येतं. २०१५ मधला चीनच्या तिआनजिनचा स्फोट २०२२ मध्ये युक्रेनचा म्हणून फिरत होता, असले जुने व्हिडिओ इथेच पकडले जातात.

काहीच सापडलं नाही म्हणजे खरं, असं मात्र नाही हं. रात्रीचा सीन, कॅमेरा हलतोय, क्लिप अंधुक, माणसं जवळपास नाहीतच, तर व्हिडिओ गेम असू शकतो. आर्मा ३ या युद्धाच्या गेमच्या क्लिप इतक्या वेळा खऱ्या म्हणून फिरल्या की शेवटी कंपनीनेच २०२२ मध्ये त्या कशा ओळखायच्या ते सांगितलं.

मार्च २०२२ चा युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा, शरण जा म्हणणारा डीपफेक (एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ) बघा, डोकं एकीकडे धड एकीकडे, लगेच कळत होतं. आता तसं कळेलच याची खात्री नाही, म्हणून चेहरा निरखत बसण्यापेक्षा ते त्यांच्या अधिकृत चॅनलवर आहे का तेवढं बघा.

आणि खरी गोची आपल्याला आवडणाऱ्या बातमीत असते. शत्रूची विमानं एकट्याने पाडणारा युक्रेनचा पायलट, 'घोस्ट ऑफ कीव्ह', आठवतो का? मी पण खूश होऊन फॉरवर्ड केला होता, मग एप्रिल २०२२ च्या शेवटी युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की ती दंतकथा आहे! तेव्हापासून वाचून छाती फुगली की ती बातमी मी दोनदा तपासते.

खोटं सापडलं तर तोच व्हिडिओ 'हे फेक आहे' लिहून परत टाकू नका, लोक व्हिडिओ बघतात आणि वरची ओळ वाचत नाहीत. आधी खरं काय ते एका ओळीत लिहा, मग जुन्या व्हिडिओची लिंक द्या, आणि दाखवायचाच असेल तर स्क्रीनशॉटवर मोठी लाल फुली मारून दाखवा. ज्याने टाकलाय त्याला ग्रुपवर झापू नका, पर्सनलवर सांगा, बहुतेकदा तो स्वतःच डिलीट करतो.