एअर रायफलची तुटलेली माशी घरीच बनवली, कशी ते सांगतो

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ मारलं आणि आमच्या कोल्हापूर भागात माळ्यावर पडलेल्या सगळ्या जुन्या एअर रायफली एकदम खाली आल्या. आमच्या घरचीपण आली. मामाची ब्रेक बॅरल (नळी मोडून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग ताणायची), ४.५ मिमीची, गंज थोडाफार पण स्प्रिंग ठणठणीत. भाच्यानं कॉक करताना नळीच्या टोकाला पुढची साईटच मुठीत धरली आणि कट्ट. प्लास्टिकची होती, तुकडे हातात. स्पेअर शोधला तर या मॉडेलचा मिळतच नाही, दुकानदार म्हणाला नवीन रायफल घ्या की. म्हटलं बघू, लेथ-वर्कशॉपांचं उद्यमनगर पंधरा मिनिटांवर असताना एका माशीसाठी नवीन रायफल कोण घेतंय.

माशी म्हणजे पुढची साईट, नेम धरायला नळीच्या टोकावर असतो तो उभा खुंटा, आमच्याकडची जुनी माणसं असंच म्हणतात, नळीवर माशी बसल्यासारखी दिसते म्हणून असेल. मीपण इथं माशीच म्हणतो, टायपायला सोपं.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून नाही. आणि नळीला ड्रिल मारायचं नाही, वेल्डिंग नाही, सोल्डरिंगपण नाही. नळीची भिंत जाड दिसते पण भोक थोडं खोल गेलं की आतल्या रायफलिंगला (छर्‍याला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांना) फुगवटा येतो आणि मग कितीही भारी माशी लावा, छर्रा कुठंपण जाणार. म्हणून आपली माशी क्लॅम्पवर बसणार, नको झाली तर दोन बोल्ट ढिले करून काढता आली पाहिजे.

सामान

अ‍ॅल्युमिनियमचा ३२ मिमी गोल बार, २५ मिमी लांबीचा तुकडा, याचीच नळीवर चढणारी स्लीव्ह होणार (भंगारवाल्याकडं बघा आधी, नवीन घ्यायची गरज नाही). १२ बाय २ ची पितळी पट्टी, बोटभर, ती स्लीव्हवर उभी राहून माशी होणार. एम ४ चे २० मिमी लांब एलन बोल्ट दोन. सायकलचा एक जुना स्पोक. हॅक्सॉ, बारीक कानशींचा सेट, पॉलिश पेपर, व्हर्नियर. आणि देवघरातला कापूर, तो कशाला ते शेवटी.

माप

पहिलं नळीचं माप. टोकापासून पाच मिमीवर एकदा आणि तीस मिमीवर एकदा असं दोन ठिकाणी व्हर्नियर लावा कारण काही नळ्या पुढं निमुळत्या असतात. माझी दोन्हीकडं १५ भरली. लेथवाल्याला तुकडा देताना तोंडी १५ सांगू नका, नळीच घेऊन जायला जमत असेल तर उत्तम, नाहीतर त्या मापाचा पाईपचा तुकडा न्या आणि सांगा की हातानं दाबून घट्ट सरकला पाहिजे, खडखडायला नको. माझ्याकडचा पहिला तुकडा ०.३ नं ढिला निघाला. क्लॅम्प आवळून बसला खरा पण फक्त दोन रेषांवर धरत होता आणि वीस छर्‍यांत फिरला. मग कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून आत गुंडाळला, तो साधारण ०.१ मिमी असतो, दोन्ही बाजूंनी मिळून ०.२ भरलं आणि बसलं घट्ट. जुगाड आहे पण अजून टिकलाय.

आता उंची. इथं बहुतेक लोक चुकतात. तुटलेल्या माशीचं माप घेऊन तेवढीच बनवायला जातात, ती चार दशांश कमी बनते आणि मग डोक्याला हात. कमी झालेली माशी वाढवता येत नाही, जास्त झालेली कानशीनं कमी करता येते, म्हणून मुद्दाम उंच बनवायची. किती उंच? नळीच्या भोकाच्या मध्यापासून मागच्या साईटच्या खाचेच्या वरच्या कडेपर्यंत उंची मोजा, मागची साईट तिच्या अ‍ॅडजस्टमेंटच्या मध्यावर ठेवून. माझी २२ आली. माशी त्याच्यापेक्षा एक मिमी उंच, म्हणजे मध्यापासून २३. नळीच्या पृष्ठभागापासून मोजू नका, मागं ब्रीचजवळ (छर्रा भरायच्या जागी) जाडी वेगळी आणि पुढं वेगळी, हिशोब सगळा गंडतो.

स्लीव्ह आणि खाच

लेथवर मधे भोक पाडून झालं की तुकडा वाइसमधे धरा, दोन्ही जबड्यांना कापड लावून. वरच्या बाजूला लांबीच्या दिशेनं खाच पाडायची, ५ मिमी खोल, २ मिमी रुंद. यासाठी मिलिंग मशीन लागत नाही, हॅक्सॉच्या फ्रेममधे दोन ब्लेड शेजारी शेजारी लावा, दोन्हीचे दात एकाच दिशेला, आणि सावकाश कापा. खाच जवळपास मापाची येते, उरलेलं चपट्या बारीक कानशीनं. पट्टी बोटानं दाबल्यावर जाईल पण हलणार नाही इतपत. घाई केली की खाच खालीवर व्हायला लागते आणि मग माशी कायमची तिरकी, तेव्हा इथं चहा पीत पीत काम करा.

खालच्या बाजूला बरोबर खाचेच्या समोर आरपार चीर पाडायची, एकच ब्लेड पुरे. मग आडवी दोन भोकं एम ४ साठी, चिरेच्या एका बाजूला ४.५ मिमी मोकळं, दुसऱ्या बाजूला ३.३ चं ड्रिल मारून टॅपनं आटे. टॅप नसेल तर लेथवाल्याकडूनच हे काम करून घ्या, चहाच्या पैशात होतं. मोकळ्या बाजूला बोल्टचं डोकं आत बसेल एवढी बैठक करा नाहीतर कॉक करताना तळहाताला लागतं. बाहेरच्या सगळ्या कडापण गोल मारा, त्याच कारणानं.

पट्टी

पितळ २ मिमी जाड घेतलं त्याला कारण आहे. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो. डोळ्यापासून माशी साधारण ८५० मिमी लांब, म्हणजे माशीच्या जागी तो काळा गोल ३०.५ गुणिले ८५० भागिले १०,००० असा २.६ मिमी दिसतो. माशी त्याच्यापेक्षा जरा बारीक किंवा तेवढीच असली की गोलाच्या खाली टेकवून नेम धरायला बरं पडतं, खांबावर चेंडू ठेवल्यासारखं. एक मिमीची सुईसारखी माशी भारी अचूक वाटते पण मागच्या खाचेत ती मध्यावर आहे का नाही हेच डोळ्याला कळत नाही. मागच्या खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे, ती फट नसेल तर मागची खाच थोडी रुंद करा.

पट्टीचा २० मिमीचा तुकडा कापा आणि खाचेत बसवा. ५ मिमी आत, ७ मिमी वर. स्लीव्हची बाहेरची त्रिज्या १६, वर ७, मध्यापासून झाले २३. डोळ्याकडची कड अगदी उभी, किंवा वरचा भाग डोळ्याकडं किंचित झुकलेला, उलटा उतार दिला की उन्हात ती बाजू चमकते आणि चमकणाऱ्या बाजूच्या विरुद्ध दिशेला नेम सरकतो. वरची कड चौकोनी आणि धारदार ठेवा, तिथं मात्र पॉलिश पेपरनं गोल करायचा मोह आवरा.

आता स्पोक. सायकलचा साधा स्पोक २ मिमीचा असतो, म्हणजे तयार पिन. स्लीव्हच्या वरच्या भागातून पट्टीसकट आडवं २ मिमीचं भोक मारा, खाचेच्या तळापासून अडीच मिमी वर, आणि स्पोकचा तुकडा हलक्या हातोडीनं ठोकून दोन्ही टोकं घासून सपाट करा. नुसत्या अराल्डाइटवर विसंबू नका. स्प्रिंगवाली रायफल आधी मागं आणि मग पिस्टन आदळला की पुढं असा दुहेरी धक्का देते, चांगले चांगले स्कोप या धक्क्यात गेलेत, आपला गोंद काय चीज आहे.

बसवणं

नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घाला म्हणजे कीस आत जाणार नाही, आणि तो बोळा काढायचं लक्षात राहावं म्हणून त्याला लाल दोरा बांधून बाहेर लोंबता ठेवा. हसू नका, बोळा विसरून छर्रा मारलेला माणूस माझ्या ओळखीत आहे, रोज आरशात दिसतो. नळीवरचं तेल पुसून घ्या, स्लीव्ह सरकवा, स्लीव्हची पुढची कड नळीच्या तोंडाच्या दोन मिमी मागंच राहू दे. 

सरळ बसवायला ओळंबा. रायफल टॉवेलमधे गुंडाळून वाइसमधे धरा, मागच्या साईटच्या सपाट भागावर छोटं लेव्हल ठेवून बुडबुडा मध्यावर आणा. दोनतीन मीटर समोर भिंतीपाशी दोऱ्याला नट बांधून लोंबकळत सोडा. मागून बघा, माशीची उभी कड आणि दोरा समांतर दिसेपर्यंत स्लीव्ह बोटानं फिरवा, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीनं अर्धा अर्धा आटा आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की स्लीव्ह हटकून फिरते.

झीरो करणं

आता मजा. झीरो म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा जाईल असं साईट जुळवणं. मागं नीट अडथळा पाहिजे, लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या गच्च भरून मागं लोखंडी पत्रा, डोळ्यांना चष्मा, आणि मागं गल्ली किंवा शेजाऱ्याची गच्ची नको. ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला लायसन लागत नाही म्हणून तो काय खेळणं होत नाही. पक्ष्यांवर तर अजिबात नाही.

पहिल्यांदा छोटं टार्गेट कार्ड लावू नका. आपण माशी मुद्दाम उंच ठेवलीय, छर्रे बरेच खाली जाणार, आणि ते कार्ड ८० बाय ८० मिमीचंच असतं. मोठ्या कोऱ्या कागदावर वरच्या भागात काळा गोल काढा आणि टेकू घेऊन पाच मारा. माझा ग्रुप, म्हणजे पाच छर्‍यांचा घोळका, मध्यापासून ७५ मिमी खाली आला. कार्ड लावलं असतं तर छर्रे कुठं गेले हेच शोधत बसलो असतो.

हिशोब असा. दोन्ही साईटमधलं अंतर माझ्या रायफलला ४३० मिमी, टार्गेट १०,००० मिमीवर. ७५ गुणिले ४३० भागिले १०,००० म्हणजे ३.२ मिमी. तेवढी माशी खाली गेली की ग्रुप मध्यावर येणार. म्हणजे ०.१ मिमी कानस मारली की छर्रा सव्वादोन मिमीच्या आसपास वर चढतो. ३.२ एका दमात काढू नका. मी आधी २ काढले, पाच मारले, मग ०.५, मग पाच, शेवटचे सात दशांश तसेच सोडले आणि मागच्या साईटच्या स्क्रूनं जुळवलं. माशी कमी केली की छर्रा वर, हे कागदावर लिहून वाइससमोर चिकटवा, कारण ऐन वेळी डोकं उलटं चालतं. डावीउजवीचं तसंच, ग्रुप डावीकडं जात असेल तर माशी डावीकडं सरकायला हवी, पण आपली सरकत नाही, तेव्हा ते काम मागच्या साईटकडं. मागच्या साईटला आडवी अ‍ॅडजस्टमेंट नसेलच तर पट्टीची एक बाजू अगदी थोडी घासता येते. आणि बोल्ट ढिले करून स्लीव्ह फिरवून डावंउजवं जुळवायचा विचार आला तर सोडून द्या, माशी कलते आणि अंतर बदललं की सगळं परत हलतं.

प्रत्येक वेळी कानस मारताना नळीचं तोंड खाली करा आणि बोळा घाला. आणि मग काढा.

मागं पीप साईट (खाचेऐवजी बारीक भोकातून बघायची) असेल तर पट्टीऐवजी रिंग लागते. एम ४ चा साधा वॉशर घ्या, भोक ४.३ मिमीचं असतं, काळा गोल २.६ चा दिसत असल्यानं भोवती पांढरी कडी छान येते आणि नवीन माणसाला तेवढी मोकळी रिंगच बरी. वॉशर पट्टीच्या टोकाला ब्रेझ करून घ्यायचा, पण पट्टी स्लीव्हमधे बसवायच्या आधी. उघड्या खाचेच्या मागच्या साईटबरोबर मात्र रिंग लावू नका, डोळा कशाकडं बघू म्हणून गोंधळतो. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर ओपन साईट आणि पीप साईटचे गट वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

राहिला कापूर. पितळ झीरो करताना चकाकतं आणि काळा रंग मारला तर त्याचीपण हळूहळू चमक येते. कापराची वडी पणतीत पेटवा, रायफल त्या खोलीत आणूसुद्धा नका, एका जुन्या चमच्यावर काजळी धरा आणि गार झाल्यावर ती बोटानं माशीला लावा. मखमलीसारखं काळं होतं, कितीही ऊन असू दे कड लख्ख दिसते. जुने नेमबाज साईटला धूर देत असत तो हाच प्रकार. हात लागला की पुसतं, मग परत लावायचं. आमची आई विचारते कापूर इतका कसा संपतोय.

बोल्टांना निळं लॉकटाईट (आटे ढिले होऊ नयेत म्हणूनचा गोंद) लावलं असलं तरी पहिल्या पन्नास छर्‍यांनंतर एकदा एलन की फिरवून बघा, माझा मागचा बोल्ट पाव आटा ढिला झाला होता. आणि भाच्याला नळीवर, माशीच्या चार बोटं मागं, लाल टेप गुंडाळून दिलीय, कॉक करताना हात तिथं.