फुटपाथच्या कडेला चाक आपटल्यावर कोणती दुरुस्ती करावी आणि कोणती टाळावी

जून महिन्यात पावसाने जोर धरला की पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या अरुंद रस्त्यांवर पाणी साचते, फुटपाथची कड त्याखाली दिसेनाशी होते आणि समोरून येणाऱ्या बसला वाट देताना गाडीचे पुढचे डावे चाक तिच्यावर जोरात आपटते. त्यानंतर काही जण गाडी चालते आहे एवढ्यावर समाधान मानतात, तर काही जण गॅरेजने सांगितलेली लांबलचक यादी मुकाट्याने मान्य करतात. दोन्ही गोष्टी टाळायच्या असतील तर तपासणीचा क्रम पाळावा लागतो. आधी टायर, मग रिम, मग स्टिअरिंग व सस्पेन्शन आणि सर्वांत शेवटी खरचटलेला रंग, असा तो क्रम आहे.

पहिली पायरी जागेवरच करावयाची आहे. गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करून तिच्याखाली काही गळते आहे का, ते पाहावे. एसीचे पाणी स्वच्छ असते आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र तपकिरी किंवा काळपट बुळबुळीत थेंब इंजिन ऑइलचे असू शकतात, हिरवट किंवा गुलाबी द्रव कूलंटचा असू शकतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसल्यास ती ब्रेकच्या नळीतून आलेली असण्याची शक्यता धरावी. पावसात सगळीच जमीन ओली असल्याने खाली जुने वर्तमानपत्र पसरून दहा मिनिटे थांबणे उपयोगी पडते. ऑइलचा लाल दिवा लागला असेल, ब्रेकचे पेडल खाली जात असेल, चाक मडगार्डला घासत असेल किंवा सरळ जातानाही स्टिअरिंग बरेच वाकडे धरावे लागत असेल, तर गाडी चालवत न नेता टो करून न्यावी.

यानंतर टायर पाहावा. कडेचा आघात झाला की टायरची बाजूची भिंत रिम आणि दगड यांच्यामध्ये चिरडली जाते आणि आतले धागे तुटतात. मग त्या ठिकाणी हवेच्या दाबाने अंड्याएवढा फुगवटा येतो. असा फुगवटा दुरुस्त होत नाही. तो लहान असला तरी टायर बदलावाच लागतो, आणि ती खरेदी पुढच्या पगारापर्यंत लांबवणे मला तरी योग्य वाटत नाही. फुगवटा कधी कधी एक-दोन दिवसांनी उमटतो, शिवाय तो टायरच्या आतल्या बाजूलाही असू शकतो. म्हणून चाक काढून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा हात फिरवावा. बाजूच्या भिंतीवरच्या खोल चिरेलाही पंक्चरचा पॅच चालत नाही. केवळ वरचे रबर खरचटले असेल आणि आतले धागे दिसत नसतील, तर टायर वापरता येतो. एक टायर बदलताना त्याच ॲक्सलवरचा दुसरा फार झिजलेला असेल तरच जोडी घ्यावी. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की तो टायर तसाही कायद्याने बाद ठरतो.

रिमच्या बाबतीत धातूवर बरेच अवलंबून असते. स्टीलचा रिम वाकतो आणि किरकोळ वाक सरळ करता येतो. अलॉयचा रिम तडकू शकतो, आणि तडा गेलेला रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरण्यापेक्षा बदललेला बरा. अलॉयवरचे ओरखडे हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. स्टीलवरचा उघडा पडलेला भाग मात्र किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो, म्हणून तेथे रंगाचा हात देऊन ठेवावा. हवा हळूहळू कमी होत असल्यास रिमच्या काठावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. येथे अंदाजाने सुटे भाग बदलले जातात आणि पैसेही येथेच वाया जातात. घरच्या घरी एक सोपी तपासणी करता येते. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजावे. आपटलेल्या बाजूचे अंतर स्पष्टपणे कमी भरले, तर चाक मागे ढकलले गेले आहे आणि बहुधा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) वाकला आहे. चालवताना वेग वाढल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर रिम वाकलेला असू शकतो किंवा बॅलन्सिंग बिघडलेले असते. वळणावर कमीजास्त होणारा घूंऽऽ असा आवाज बेअरिंगचा असतो. स्पीडब्रेकरवरची टक्टक् बॉल जॉइंट किंवा लिंक या सस्पेन्शनच्या सांध्यांकडे बोट दाखवते. गाडी डावीकडे ओढते असे वाटल्यास आधी हवेचा दाब तपासावा, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्ताच त्या बाजूला उतरता असतो आणि थोडी ओढ नैसर्गिक असते.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) करावे, परंतु कोणताही नट सैल करण्यापूर्वीचे मोजमाप छापून मागावे. त्या कागदावर फक्त टो (चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला असेल आणि टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) सरळ असेल, तर जुळवणीवर काम भागते; टाय रॉड वाकला असेल तर तो बदलून पुन्हा जुळवणी करावी. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) डाव्या-उजव्या बाजूला बरेच वेगळे असेल, तर प्रकरण निराळे आहे, कारण बहुतेक लहान गाड्यांमध्ये हे कोन फिरवून जुळवण्याची सोय नसते. म्हणजे आर्म, स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर असलेला उभा दांडा) किंवा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांपैकी काहीतरी वाकले आहे. अशा वेळी नुसता टो जुळवला की गाडी सरळ धावू लागते, पण वाकलेला भाग तसाच राहतो आणि टायरची एक कड झिजत जाते. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून घेऊ नये. एका बाजूचा आर्म वाकला म्हणून दुसऱ्या बाजूचा चांगला आर्म बदलण्याचीही गरज नाही. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुने असतील तर जोडीने बदलणे पटण्यासारखे आहे. मागचे चाक आपटले असेल तर मागच्या बीमचे (मागची चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) मोजमापही आवर्जून घ्यावे.

बंपरचा ओरखडा आणि चाकावरची खरचट यांचा निर्णय सवडीने घेतला तरी चालतो. खाली लोंबणारे प्लास्टिकचे आवरण मात्र क्लिप लावून लगेच बसवून घ्यावे.

विम्याचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात 1000 रुपये स्वतः भरावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला 2000. साध्या पॉलिसीत केवळ टायरच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या 50 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. शिवाय 20 ते 50 टक्क्यांपर्यंत साचलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून एक टायर आणि अलाइनमेंट एवढ्यासाठी दावा करणे सहसा परवडत नाही. आर्म, स्ट्रट आणि रिम एकत्र गेले असतील तर मात्र जागेवरचे फोटो काढून, गाडीचे भाग खोलण्याआधी विमा कंपनीला कळवावे.

चवथीला सत्तरी किंवा डिचोलीतील गावी जाण्याचा किंवा चोर्ला घाट चढण्याचा बेत असेल, तर काम झाल्यावर त्याच दिवशी निघू नये. आधी शंभरेक किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी, काढलेल्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत आणि स्टिअरिंग मध्यभागी राहते आहे ना, हे पाहून मगच घाटाच्या वाटेला लागावे.