कॅमेरो एसएसवर सुपरचार्जर: बूस्टच्या आधी क्रँकची पुली बघा

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप. त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: हॉर्सपॉवर किती वाढेल? तो फिरवणारा बेल्ट कशाच्या जोरावर फिरणार, हे कुणी विचारत नाही. नंतर गाडी टो ट्रकवर चढते ती बऱ्याचदा याच न विचारलेल्या प्रश्नापायी.

हा लेख अमेरिकेतल्या २०१० ते २०१५ च्या मॅन्युअल कॅमेरो एसएससाठी आहे, म्हणजे ६.२ लिटरच्या, ४२६ हॉर्सपॉवरच्या एलएस३ इंजिनासाठी. ऑटोमॅटिकमध्ये एल९९ येतं, त्यात अर्धे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते आणि तिचं ट्यूनिंग वेगळं. ते इथे नाही. इंजिन आतून उघडलेलं नाही, पेट्रोल पंपावरचंच आहे आणि गाडी रोजच्या वापरातली आहे असं धरून चाललोय.

कायद्याचं आधी बघा. कॅलिफोर्नियात राहत असाल तर कार्बचा (तिथल्या हवा प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरी क्रमांक, असलेलंच किट घ्या, नाहीतर स्मॉग चाचणीत गाडी अडकेल. पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी एकच ओळ: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ (गाडीतले फेरफार) वाचा आणि नाद सोडा.

प्रकार कोणता? रस्त्यावरच्या गाडीला रूट्स पद्धतीचाच, ईटनच्या टीव्हीएस रोटरवाला. चार पाकळ्यांचे, १६० अंश पीळ दिलेले दोन रोटर इनटेक मॅनिफोल्डच्या जागी बसतात आणि सिग्नलवरून निघतानाच हवा दाबायला लागतात. दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल, त्याचा बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, आरपीएमसोबत चढतो. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा छान दिसतो, पण रोजच्या रस्त्यावर तिथपर्यंत पोचता किती वेळा? ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा.

बूस्ट सहा ते आठ पौंड (दर चौरस इंचाला), त्यापुढे नाही. आठ पौंड ऐकायला किरकोळ वाटतात, पण बाहेरच्या हवेचा दाबच मुळात १४.७ पौंड आहे. म्हणजे सिलिंडरवरचा भार कागदावर दीडपटीच्या वर गेला. एलएस३ चं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आधीच १०.७. खुद्द जीएमने २०१२ मध्ये कारखान्यातून सुपरचार्जर लावलेली ५८० हॉर्सपॉवरची झेडएल१ काढली, तेव्हा कॉम्प्रेशन ९.१ वर आणलं. ते हौस म्हणून नाही आणलं.

सोपी कामं उरकून घ्या. बॅटरी सोडा, फ्युएल रेलमधलं प्रेशर काढा, इनटेक मॅनिफोल्ड उचला, आणि उचलल्याक्षणी आठही पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा. ती मोजून कोंबा, मोजून काढा. स्पार्क प्लग एक नंबर थंड, गॅप किट सांगेल तो. इंजेक्टर आणि फ्युएल पंप किटमध्ये आलेत तेच वापरा. इंटरकूलर दाबून तापलेली हवा पाण्यानं थंड करतो. त्याचा रेडिएटर पुढे, पंप पाण्याच्या सर्किटमध्ये सगळ्यात खाली, पाण्याची टाकी सगळ्यात वर. सर्किटमध्ये हवा राहिली तर इंटरकूलर असून नसल्यासारखा.

आता मुद्द्याचं. एलएस३ मध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, पुढच्या टोकावर बॅलन्सर, म्हणजे बेल्टची मुख्य पुली, नुसता दाबून बसवलेला असतो. त्याला अडकवून धरणारी चावी (धातूची पट्टी) नाही, खाच नाही. एक बोल्ट आणि दोन धातूंमधलं घर्षण, बस्स. वॉटर पंप, अल्टरनेटर, एसी एवढंच फिरवायचं असेल तर ते पुरतं. सुपरचार्जरला फुल थ्रॉटलवर पन्नास-साठ हॉर्सपॉवर सहज लागतात आणि त्या सगळ्या त्या गुळगुळीत जोडातून जातात. गिअर बदलताना आरपीएम झटक्यात पडतं, रोटर मात्र आपल्याच वेगात असतात, तो हिसकाही तिथेच बसतो. बॅलन्सर एकदा क्रँकवर घसरला की बोल्ट सैल होतो, पुढच्या सीलमधून तेल येतं, आणि क्रँकचं टोक खाल्लं गेलं तर खर्च सुपरचार्जरच्या किमतीशी स्पर्धा करतो.

उपाय पिन करण्याचा, म्हणजे दोघांच्या जोडात भोक पाडून धातूची पिन ठोकायची. बरेच जण सांगतात, ‘सहा पौंडाला गरज नाही’. पुढच्या वर्षी हीच मंडळी बूस्ट वाढवायला सुपरचार्जरवर लहान पुली लावतात. पिन कराच. एक नको, समोरासमोर दोन करा.

पुढचं सगळं उघडून जागा करा: फॅन काढा, रेडिएटर काढता आला तर उत्तमच. फ्लायव्हीलच्या दातांत लॉक लावा. गिअरमध्ये टाकून ब्रेकवर कुणाला तरी बसवणं हा उपाय नाही. बोल्ट काढा. त्याच्या जागी पिनिंग किटचा गाइड क्रँकच्या आट्यांत घट्ट कसा. पाव इंचाचं भोक अर्धं क्रँकमध्ये आणि अर्धं बॅलन्सरमध्ये पडायला हवं, शाफ्टला समांतर. दोन तुकड्यांच्या सीमेवर ड्रिल कुठल्यातरी एका बाजूला ओढ घेतंच, म्हणून गाइडशिवाय हातानं भोक पाडायचा विचारही करू नका. बिट नवं, त्यावर खोलीचा स्टॉपर, भरपूर कटिंग ऑइल, आणि वेग कमी. थोडं आत, परत बाहेर. बाहेर येणारा चुरा करडा आणि बारीक असला पाहिजे. तो निळसर पडून धूर यायला लागला तर थांबा, बिट मेलंय. मग रीमर (भोक नेमक्या मापाचं, गुळगुळीत करणारं हत्यार) फिरवा. ड्रिलच्या कच्च्या भोकात पिन ठोकून बसवणाऱ्यांचं काम मी उघडून पाहिलंय, पिन हातानं निघते.

पिन बॅलन्सरच्या तोंडापेक्षा किंचित आत बसली पाहिजे. ती केसभर वर राहिली तर बोल्टचं डोकं पिनवर टेकतं आणि टॉर्क रेंच खोटं बोलतो. आट्यांत चुरा राहिला तरी तेच होतं, त्यामुळे ब्रेक क्लीनर मारून फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा. शेवटी नवा बोल्ट. जुना एकदा ताणला गेलाय, तो परत वापरायचा नाही. ३७ फूट-पौंड, मग पेंटच्या पेननं खूण करून १४० अंश. किटमध्ये वेगळा बॅलन्सर आला असेल तर तो इन्स्टॉलर टूलनं ओढून घ्या, जुन्या बोल्टनं २४० फूट-पौंडापर्यंत पूर्ण बसवा, आणि मग पिनचं ड्रिलिंग, शेवटी नवा बोल्ट. इम्पॅक्ट गन या बोल्टजवळ आणायची नाही.

बेल्ट चढवण्याआधी सरळ पट्टी लावून सगळ्या पुली एका रेषेत आहेत का बघा. पुढे कधी वरच्या आरपीएमला बूस्ट पडायला लागला आणि पुलीभोवती काळी भुकटी दिसली, तर बेल्ट घसरतोय. यावर ‘अजून लहान पुली लाव’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो उलटा आहे: लहान पुलीवर बेल्टची पकड आणखी कमी होते. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) तपासा, पुलीभोवतीचा बेल्टचा वेढा वाढवता येतो का बघा.

ट्यूनशिवाय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्याशिवाय, इंजिनला जोर देऊ नका. किटसोबत आलेला ट्यून गाडी डायनोपर्यंत हळू नेण्यापुरता. तिथे वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून फुल थ्रॉटलला एका भाग पेट्रोलला हवा साडेअकरा भागांच्या आसपास आणि लॉगमध्ये नॉक (पेट्रोलचा अवेळी स्फोट) शून्य, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बूस्टमध्ये नॉक झालं की एलएस३ च्या कास्ट पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते, आणि ती तुटेपर्यंत तुम्हाला कदाचित ऐकूही येत नाही. ट्यून ९३ ऑक्टेनवर केला असेल आणि प्रवासात ९१ च मिळालं, तर त्या टाकीभर पाय हलका ठेवा किंवा ९१ साठीचा वेगळा ट्यून आधीच करून घ्या.

पहिले काही दिवस रोज बॉनेट उघडा: कूलंटची पातळी, बेल्टची कड, ब्रॅकेटचे बोल्ट. नवा बेल्ट थोडा ताणतो, टेन्शनरची खूण सरकली असेल तर तेवढं जुळवून घ्या. आणि विमा कंपनीला सुपरचार्जर लावल्याचं लेखी कळवून ठेवा.